टिटवीचा विमा

१७ नोव्हेंबर

टिटवीच्या बांधणीची एक वही आहे. तिच्यात कोणता पत्रा कधी बसवला आणि कोणी तपासला एवढंच लिहायचं असतं, कारण ती दिल्लीहून येणारे विमान खात्याचे साहेब वाचतात. त्या वहीत बायकोविषयी लिहिता येत नाही. म्हणून आजपासून ही दुसरी वही.

तर, आज टिटवी पूर्ण झाली. पेरणीयंत्रं आणि फवारणी पंप बनवायच्या माझ्या नांदुऱ्याच्या कारखान्यात, मागच्या शेडमध्ये, सात वर्षं सुटे भाग जोडत जोडत तयार केलेलं दोन माणसांचं विमान आज स्वतःच्या चाकांवर उभं राहिलं. दोन चाकं पुढे, एक चिमुकलं चाक शेपटीखाली, त्यामुळे उभ्या उभ्याच नाक वर. टिटवी हे नाव गोविंदा मिस्त्रीनं दिलं. कारखाना सुरू झाल्यापासून तो माझ्याकडे वेल्डिंग करतो. आज त्यानं पेढे वाटले आणि टिटवीच्या पंख्यालाही एक चिकटवणार होता, मी हात धरला.

जयमालाला फोन केला. ती एका शिक्षकाच्या पॉलिसीसाठी मोताळ्याला गेली होती. म्हणाली, "झालं का? लय चांगलं झालं. अन् विमा?"

बावीस वर्षं ती विम्याची एजंट आहे. नांदुरा-मोताळा पट्ट्यात तिनं विमा न उतरवलेला माणूस एकतर कालच जन्मलेला असतो, नाहीतर तिला पाहून गल्ली बदलणारा. पहिला पत्रा कापला त्या दिवशीच तिनं मला सांगून ठेवलं होतं, की विमा झाल्याशिवाय ती विमानात बसणं सोडाच, त्याला बोटसुद्धा लावणार नाही. आणि बोलली तशीच वागली. सात वर्षांत शेडच्या दारापर्यंत डबा घेऊन आली, आत नाही.

टिटवीत दोन सीटं आहेत. डावं माझं, उजवं तिचं. जयमाला उंचीनं कमी, तिला बाहेरचं नीट दिसावं म्हणून उजवं सीट मी चार बोटं उंच करून घेतलं आहे. हे तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, मले बुटकी म्हणता का.

ती त्या सीटवर बसली नाही तर मी हे सगळं कशासाठी केलं, हे मला सांगता येणार नाही.

२५ नोव्हेंबर

विमा कंपनीचं उत्तर आलं. माझं वैमानिकाचं लायसन चालू आहे, तरुणपणी नागपूरच्या क्लबात शिकलो, अजून अधूनमधून जाऊन हात चालता ठेवतो, हे सगळं त्यांना मान्य आहे. पण टिटवीच्या जातीचं विमान मी कधी उडवलेलं नाही. म्हणून आधी तसल्याच विमानात प्रशिक्षकाबरोबर दहा तास शिकून यायचं, प्रशिक्षकानं सही द्यायची, मग विमा.

माझं डोकंच फिरलं. जिचा एकेक रिबीट मी ठोकला, तिची ओळख मला दुसऱ्या कोणी करून द्यायची? जेवताना हेच बोललो. जयमाला वाढता वाढता म्हणाली, "पाळणा सुतारानं केला म्हणून लेकरू त्याच्याच हातानं निजते का?"

तिला विमानातलं काय कळतं. मी आणखी अर्धी भाकरी घेतली आणि विषय बदलला.

३ डिसेंबर

उडायचं नव्हतंच. फक्त जमिनीवर पळवून पाहायची होती.

वडिलोपार्जित वावरात तुरीच्या कडेनं आम्ही धावपट्टी केली आहे, दोन्ही बाजूंना चुन्यानं रंगवलेले दगड. गोविंदाला म्हटलं, तू बघ, मी पट्टीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. क्लबच्या जुन्या विमानाचं तिसरं चाक नाकाखाली होतं, ते आपलं आपण सरळ चालायचं. टिटवीचं वजन चाकांच्या मागं आहे, हे मला माहीत होतं. सात वर्षं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागं घेताना जरा हात चुकला की ट्रॉली जशी आडवी होते, तशी टिटवी एकदम गर्रकन फिरली आणि तुरीत घुसली.

उजव्या पंखाचं टोक चेपलं. माझा गुडघा सुजला. गोविंदा धावत आला, मला पाहिलं, टिटवीला पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, तुमी बसा. तिले मी काढतो."

घरी जयमाला रागावेल असं वाटलं होतं. तिनं तेलात हळद कढवली आणि गुडघ्याला लेप लावला. तिच्या घराण्यात सगळ्याला हळदच. जखमेला हळद, खोकल्याला हळद, पोरगी सासरी निघाली तरी कपाळाला हळद. लेप लावता लावता खाली मान घालूनच म्हणाली, "लोकायच्या नवऱ्यायचे विमे करता करता माहे केस पिकले. अन् माह्या नवऱ्याले कोनी विमा देऊन नाई राह्यलं."

एजंट शेवटी विम्याचाच विचार करणार. मला जरा वाईट वाटलं.

९ डिसेंबर

एका बाईंचा फोन आला. कॅप्टन संजीवनी. मूळच्या दुसरबीडच्या, आधी प्रवासी विमानं चालवायच्या, आता धुळ्याच्या पुढे एका खाजगी धावपट्टीवर शिकवतात. त्यांच्याकडे टिटवीच्याच जातीचं विमान आहे. पहिलाच प्रश्न, "काका, गुडघा कसाय आता?"

यांना विमा कंपनीनंच कळवलं असणार, पण कंपनीला गुडघ्यापर्यंतची माहिती असते, हे मला नवीन होतं. आजकाल यांच्यापासून काही लपत नाही.

मी सांगितलं, मला कोणाकडून शिकायची गरज नाही. त्या म्हणाल्या, "नका शिकू. माझ्या विमानात माझ्यासोबत नुसते फिरायला या. तुम्ही स्वतः बनवलंय, मी तर बनवलेलं विकत घेतलंय. मला दोन गोष्टी सांगा." एवढ्या आदरानं बोलणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं. जातो म्हणालो.

१६ डिसेंबर, धुळ्याच्या पुढे

निघताना जयमालानं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. चटणीच्या दोन पुड्या होत्या. "ही कमी तिखट त्या पोरीसाठी. तिले तिखट सोसत नाई." कॅप्टनबाई जेवताना म्हणाल्या, खरंच सोसत नाही. जयमालाला माणसं न पाहताच कळतात. विम्याच्या धंद्यात ही नजर येतच असावी.

बाकी दिवसाविषयी लिहावंसं वाटत नाही. पहिल्या वेळी मी उतरलो नाही, आदळलो. मग उसळलो, मग परत आदळलो. कॅप्टनबाई माझ्या थोरल्या लेकीच्या वयाच्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी घरी फोन केला. जयमालानं विचारलं, "जेवले का?" मी म्हणालो, हो. "आदळले का?" मी म्हणालो, छे. ती म्हणाली, "बरं. उद्या कमी आदळजा." तिला माझ्या आवाजावरूनच सगळं कळतं.

१८ डिसेंबर

आज उतरल्यावर हँगरच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि डोळ्यात पाणी आलं. मी चांगला वैमानिक नाही, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी समजलं. चांगला सुतार आहे, एवढंच.

कॅप्टनबाई चहा घेऊन तिथंच आल्या. म्हणाल्या, "काका, तुमचं क्लबचं विमान म्हैस होतं. म्हशीला ढकलावं लागतं. हे वासरू आहे, याला नुसता कासरा दाखवला तरी पळतं. तुम्ही वासराला म्हशीसारखं ढकलून राहिलेत. हात गप ठेवा, पायानं चालवा."

दुसरबीडची पोरगी आहे, तिला वासरू माहीत आहे. दुपारी हात मांडीवर टेकवून ठेवले आणि पायांनी पेडल नुसतं चुचकारत राहिलो. एकदा, फक्त एकदा, चाकं जमिनीला लागल्याचं मला कळलंच नाही.

२२ डिसेंबर

वेग दाखवणाऱ्या तबकडीवर कॅप्टनबाईंनी आज स्वतःचा रुमाल टाकला आणि म्हणाल्या, आता उतरवा. वाऱ्याचा आवाज ऐकत, नाक किती वर आहे ते पाहत उतरवलं. घाम फुटला, पण उतरवलं.

मग त्यांनी एक गोष्ट चारचारदा सांगितली. पंखाखाली पुढे तोंड केलेली बोटाएवढी नळी असते. तिच्यात वारा शिरतो, त्यावर वेगाची सुई उठते. पळायला सुरुवात केली की दुसऱ्या दगडापर्यंत सुई उठलीच पाहिजे. "सुई उठली तरच आपण उठायचं. नाही उठली तर इंजिनाचा गॅस बंद. बघायला गाव लोटलं असेल तरी बंद. आमदार आले असतील तरी बंद."

मी म्हणालो, माझ्या टिटवीची सुई मी स्वतः बसवली आहे, ती उठतेच. त्या हसल्या.

२ जानेवारी

कॅप्टनबाईंनी सही दिली. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "काकूंना सांगा, मी शब्द पाळला." कोणता शब्द ते विचारायचं राहून गेलं, कारण धुळ्याची बस आली.

१४ जानेवारी

विमा आला. टिटवीचा आणि माझा. उजव्या सीटचा मात्र आत्ता नाही. मी एकट्यानं ठरलेले तास विनाअपघात उडवले की मगच तिथे माणूस बसवता येईल. दिल्लीच्या साहेबांचाही हाच नियम.

जयमालानं चष्मा लावून पॉलिसी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. गिऱ्हाइकांना ती नेहमी सांगते, एवढं वाचायची गरज नसते, मी आहे ना. वाचून झाल्यावर तिनं पॉलिसी देव्हाऱ्यात ठेवली आणि मला तिळगूळ दिला. मी म्हणालो, आता तर बोट लावशील टिटवीला? ती म्हणाली, "पाहू."

२४ जानेवारी

काय लिहू. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी उजाडताच मी टिटवीभोवती फेरी मारून सगळं तपासलं. नळीसुद्धा. दिल्लीचे साहेब आले, कॅप्टनबाई आल्या, कारखान्यातली माणसं, शेजारपाजार, दोन शाळांचे मास्तर. केसरआत्या तर ताटच घेऊन आली. माझी ही आत्या घरात मिक्सर आला तरी त्याला हळदकुंकू लावते, बोअरच्या मोटरला लावते. टिटवीच्या पंख्याला तिनं टिळा लावला, गोविंदानं बाजूच्या दगडावर नारळ फोडला. मग साहेबांसाठी चहा झाला.

चहा पिताना मला एक गंमत दिसली. जयमाला टिटवीजवळ गेली होती. सात वर्षांत पहिल्यांदा. पंखाखाली वाकून एकटीच काहीतरी पाहत होती, हात लावत होती. पत्र्याची जाडी पाहत असावी. मला इतका आनंद झाला की चहा सांडला.

मी बसलो. इंजिन छान बोलत होतं. गॅस दिला, टिटवी पळाली. पहिला दगड गेला. शेपटी उचलायला आली. दुसरा दगड गेला. सुई शून्यावर.

सगळं नीट चाललं होतं. आवाज नीट, इंजिन नीट. कडेला माणसं हात हलवत होती. मनात आलं, सुई अडकली असेल, वर गेल्यावर सुटेल. सात वर्षांनंतर आज थांबायचं? पण तेवढ्यात माझा हात मला न विचारताच मागं आला आणि गॅस बंद झाला. पाय पेडलवर चुचकारत राहिले. टिटवी सरळ पळाली, हळू झाली, थांबली. तुरीकडे तिनं पाहिलंही नाही.

माणसांचे हात खाली आले. मग कोणीतरी म्हणालं, "बंद पडलं वाट्टे."

कॅप्टनबाईंनी वाकून नळीत पाहिलं आणि बोट माझ्यापुढे धरलं. ओली हळद. त्यात कुंकू. नळीचं तोंड गच्च बुजलं होतं.

नोव्हेंबरमधला मी असतो तर उडालो असतो. वर जाऊन सुई नाही, आणि खाली उतरवायला धड ओळखीचं नसलेलं विमान. पुढचं लिहीत नाही.

तेव्हा मात्र माझा तोल गेला. सगळ्यांसमोर केसरआत्यावर ओरडलो, "तुले कोनं सांगतलं होतं नळीले हळद लावाले?" आत्या माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं जयमालाकडे पाहिलं. मग पदर सावरून म्हणाली, "हाव बापा. मीच लावली. म्हातारी झाली मी, चुकते."

जयमाला पांढरीफटक पडली होती. साहजिक आहे, घाबरली असणार. उजवा हात तिनं पदरात धरला होता. बोटाला हळद दिसली, पण तिच्या बोटाला स्वयंपाकाची हळद असतेच.

कॅप्टनबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आत्यावर कशाला ओरडता? पूजेनंतर परत एक फेरी मारायची असते, ती तुम्ही मारली नाही. चूक तुमची आहे. आणि थांबलात, तेही तुमचंच आहे." मग बोटाची हळद पुसत म्हणाल्या, "आता मला तुमची काळजी नाही, काका."

घरी जयमाला जेवली नाही. मी समजूत घातली, उद्या उडतो, नाराज होऊ नको. तिनं विचारलं, "नळी साफ केली का?" केली म्हणालो. "पुन्हा करा," म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिली. माझ्यापेक्षा तिलाच उडण्याची जास्त घाई झालेली दिसते.

२५ जानेवारी

उडालो.

सुई उठली, मग मी उठलो. खाली रुळांची रेघ, नांदुऱ्याची पत्र्याची छपरं, हनुमानाची उंच मूर्ती, उत्तरेला पूर्णेचं पात्र. मी मोठ्यानं काहीतरी बोलत होतो, काय ते आठवत नाही. उजव्या सीटवर फक्त पाण्याची बाटली होती.

उतरल्यावर सगळ्यात आधी केसरआत्याच्या पाया पडलो आणि कालची माफी मागितली. आत्या म्हणाली, "मले काऊन मागतं बे माफी? येडाच राह्यला तू." मग तिनं जयमालाकडे पाहिलं आणि दोघी हसायला लागल्या. बायकांचं हसणं मला कधी कळलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

एकट्याचे तास भरत आले. काल रोहिणखेडवरून गेलो, जुन्या मशिदीच्या कमानी वरून खेळण्यातल्यासारख्या दिसतात. दर वेळी उतरलो की जयमाला लिंबाखाली उभी असते. मी म्हणतो, घरी थांबत जा, ऊन लागतं. ती म्हणते, गिऱ्हाईक येणार होतं इकडं. एवढ्या सगळ्या गिऱ्हाइकांना आमच्याच वावरात यायचं काय सुचतं, देव जाणे.

९ मार्च

काल उजव्या सीटचा विमा आला. दिल्लीची परवानगीही आली. आज सकाळी आम्ही दोघं वावरात गेलो, मुद्दाम कोणाला न सांगता. तरी गोविंदा होताच.

टिटवीभोवती फेरी मारताना पंखाखाली वाकलो, तर नळीवर टोपी. लाल कापडाची, अस्तर लावून शिवलेली, खाली हातभर लांब लाल पट्टी लोंबत होती. जयमालाच्या जुन्या पैठणीचा काठ मी ओळखला.

"हे काय?"

"नळीची टोपी. संजीवनीनं माप सांगतलं. रोज लावून ठेवाची, उडाच्या आधी काढाची. पट्टी एवढी लांब केली की तुमालेही दिसन."

टोपीच्या टोकाला पिवळा डाग होता. मी म्हणालो, नवीन शिवलेली आणि आत्ताच डाग पडला?

ती दुसरीकडे पाहत म्हणाली, "या खेपेले हळद टोपीले लावली. नळीले नाई."

मी तसाच वाकलेला राहिलो. केसरआत्याचं पाहणं, पदरातला हात, धुळ्याहून आलेला तो फोन, कमी तिखट चटणी. सगळं एकदम आठवलं. मला विमान बांधता येतं, पण हे एवढं कळायला मार्च उजाडला. मग उभा राहिलो. तिनं टोपी काढली, नीट घडी केली, पर्समध्ये पॉलिसीच्या शेजारी ठेवली आणि पंखावर पाय देऊन चढली.

मी पट्टा बांधून दिला. ती काचेतून बाहेर पाहत होती, पुढे, मग खाली, मग माझ्याकडे.

"हे सीट बरोब्बर माह्या मापाचं कसं झालं हो?"

मी तबकड्यांकडे पाहत म्हणालो, "कंपनीतून तसंच आलं."

"हाव का," ती म्हणाली.

गॅस दिला. पहिला दगड गेला. तिनं माझ्या हाताला हात लावला नाही, कारण हात गप ठेवायचा असतो हे तिला माहीत होतं. दुसऱ्या दगडापाशी सुई उठली, आणि आम्ही दोघं उठलो.